पंधरा हजारांत डिजिटल लॉक की कॅमेरा? आधी कोयंडा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात धायरीला पहिल्या मजल्यावर टू बीएचके, खाली दुकानांची रांग, समोरच्या विंगेत भरदुपारी कडीकोयंडा तोडून चोरी झाली, आणि गणपतीला तुम्हाला दहा दिवस राजापूरला जायचंय. हाताशी पंधरा हजार आहेत. त्यात फिंगरप्रिंटचं डिजिटल लॉक घ्यावं की चार कॅमेऱ्यांचा सेट?

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. घर रिकामं आहे हे बाहेरच्या माणसाला किती लवकर कळतं, आणि कळल्यावर दार किती मिनिटं टिकतं? पंधरा हजार या दोन गोष्टींवर लावायचे. कॅमेरा आणि डिजिटल लॉक यातल्या दुसऱ्या गोष्टीला फारसा हातच लावत नाहीत.

पेपरातलं ठरलेलं वाक्य आठवा: ‘घराचा कडीकोयंडा उचकटून’. त्यात कुलूप तोडल्याचं क्वचितच लिहिलेलं असतं, कारण कुलपाच्या वाटेला कोणी जातच नाही. सात-आठ लिव्हरचं महाग कुलूप घरफोडीनंतर बंद अवस्थेत, कोयंड्यासकट, चपलांच्या रॅकशेजारी पडलेलं सापडतं. कुलपानं आपलं काम केलेलं असतं. हार मानली ती कोयंड्याच्या चार स्क्रूंनी.

ते स्क्रू बघा. बहुतेक घरांत ते पाऊण इंची असतात. त्यातही आपल्याकडचा सुतार घाईत असला की स्क्रू हातोडीनं ठोकतो आणि शेवटचे दोन फेरे तेवढे स्क्रू ड्रायव्हरनं देतो. बाहेरून पक्कं दिसतं, पण ठोकलेल्या स्क्रूनं लाकडाचे तंतू फाडलेले असतात, आट्यांना धरायला काही उरलेलं नसतं. म्हणजे तो स्क्रू नाही, खिळा झाला. दोन फुटी कटावणीचं टोक कोयंड्याच्या पट्टीखाली घालून एक झटका दिला की चारही स्क्रू भुशासकट बाहेर येतात. मिनिटभराचंही काम नाही, आणि आवाज म्हणाल तर एक ‘कट्’.

पुढे जे सांगतोय ते कशावर अवलंबून आहे तेही आधी सांगतो. दाराची फळी भरीव आहे की आतून पोकळ, चौकट लाकडी आहे की दाबलेल्या पत्र्याची, भिंत विटांची आहे की हलक्या राखाडी ब्लॉकची, आणि घर स्वतःचं आहे की भाड्याचं. भाड्याचं असेल तर चौकटीला भोकं पाडण्याआधी मालकाला विचारा. मी असं धरून चालतो की घर तुमचं आहे, दार फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही अंगांनी सपाट फळीचं आहे, आत उघडतं, आणि बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आहे.

पहिलं काम फुकटचं आहे. दार लावा, कुलूपबंद करा, आणि बाहेरून लॉकच्या उंचीवर गुडघ्यानं दाबा. दार एक सूतभर, म्हणजे साधारण 3 मिमी, हललं तर चालेल. त्याहून जास्त हललं, खडखडलं, तर लॉकचा दांडा चौकटीत नीट बसलेला नाही. मग दांड्याच्या टोकाला खडू चोळा, दार बंद करून लॉक फिरवा, उघडा आणि खाचेत खडू कुठवर लागला ते बघा. दांडा निदान 20 मिमी आत जायला हवा. कित्येक घरांत तो सात-आठ मिमीच जातो, आणि त्याला कारण पावसाळा.

पावसाळ्यात दार फुगतं, चौकटीत अडकतं. सुतार येतो, कडेला रंधा मारतो, दार सुटसुटीत होतं, सगळे खूश. दिवाळीनंतर तीच फळी सुकून आकसते आणि फट दोन-तीन सूत होते. दोन-तीन पावसाळे असे गेले की दांडा चौकटीच्या खाचेत जेमतेम टेकलेला असतो. त्यात फुगलेल्या दाराचा दांडा खाचेत जाईना म्हणून कोणीतरी पटाशीनं खाच मोठी केलेली असते. आता त्या खाचेच्या आतल्या, म्हणजे घराकडच्या अंगाला जे लाकूड उरलंय ते बोटाएवढंही जाड नाही. खांद्याचा एक धक्का बसला की तेवढी चिरफळी निघते आणि दार लॉकसकट आत.

यावर इलाज असा. फळीच्या कडेला सागवानाची पट्टी गोंद आणि स्क्रूनं चिकटवून फट पुन्हा 3 मिमीवर आणायची. खाचेवर जी पातळ पितळी पट्टी असते ती काढून जाड पोलादी स्ट्राइक प्लेट लावायची, निदान 2 मिमी जाड आणि 150 ते 200 मिमी लांब, म्हणजे धक्का एका जागी न बसता चौकटीच्या लांबीवर पसरतो. तिला चार ते सहा स्क्रू, प्रत्येकी 50 मिमी, आणि प्रत्येकासाठी आधी 3 मिमीचं भोक. भोक न पाडता इतका लांब स्क्रू घातला तर जुनं लाकूड तडकतं.

इथे एक गैरसमज. परदेशी व्हिडिओ बघून बरेच जण तीन इंची स्क्रू मागतात. तिकडे चौकटीमागे भिंतीचा लाकडी खांब असतो, लांब स्क्रू त्यात जाऊन धरतो. आपल्याकडे चौकटीमागे वीट आणि सिमेंट आहे. साधारण अडीच इंच जाडीच्या चौकटीतून खाचेची खोली वजा केली की स्क्रूला दोन इंच लाकूड मिळतं. पुढचा तुकडा गिलाव्यात नुसता फिरतो. लांब स्क्रूनं ताकद वाढत नाही, चौकट भिंतीला किती घट्ट धरलेली आहे यानं वाढते.

ते तपासायला चौकटीवर लाकडी मोगरीनं हलके ठोके मारत वरून खाली या. भद्द आवाज म्हणजे मागे भरीव आहे. ढबढब आवाज आला तर पोकळी. जुन्या इमारतींत चौकटीला दोन्ही बाजूंनी होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या असून ते काँक्रीटमध्ये गाडलेले असतात. नव्या इमारतींत चौकट नंतर बसवून फट फोमनं भरलेली असते. फोम चौकट जागेवर ठेवतो, धक्का सोसत नाही. अशी चौकट असेल तर लॉकच्या बाजूला तीन आणि बिजागरीच्या बाजूला दोन किंवा तीन फ्रेम अँकर, म्हणजे चौकटीतून थेट भिंतीत जाणारे लांब बोल्ट, मारून घ्या, 10 मिमी जाड आणि 120 मिमी लांब. त्यातले दोन लॉकच्या एक वीत वर आणि एक वीत खाली यायलाच हवेत. भोकाची तोंडं लाकडी बुचांनी बुजवून पॉलिश मारलं की दिसतही नाही. भिंत हलक्या राखाडी ब्लॉकची असेल तर लोखंडी फुगणारे अँकर वापरू नका, आवळताना ब्लॉकच फुटतो. त्यासाठी लांब नायलॉनचे मिळतात, दुकानात ‘ब्लॉकसाठी’ म्हणून सांगा.

आता कोयंडा. माझा सल्ला ऐकाल तर बाहेरची कडी, कोयंडा आणि ॲल्ड्रॉप (कुलूप लावायचा आडवा सरकता दांडा), तिन्ही काढून टाका. फक्त कमजोर आहेत म्हणून नाही. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे ‘आम्ही गावाला गेलो’ अशी पाटी. दुपारच्या चोरीत माणूस आधी जिन्यात फिरून कुठे कुलूप दिसतंय ते बघतो, किंवा बेल वाजवतो. कोणी दार उघडलंच तर ‘कुलकर्णी इथेच राहतात का?’ विचारून निघून जातो. ज्या दारावर कुलूप दिसत नाही तिथे त्याला बेल वाजवायचा धोका पत्करावा लागतो. आतून-बाहेरून एकाच किल्लीनं चालणाऱ्या लॉकचा हा मोठा फायदा आहे, आणि जाहिरातीत तो कधीच सांगत नाहीत.

बाहेरची कडी काढण्याचं दुसरं कारण शेजारधर्माचं. चोर कामाला लागण्याआधी मजल्यावरच्या बाकीच्या दारांच्या कड्या बाहेरून लावतात, म्हणजे आवाज ऐकून कोणी बाहेर येऊ शकत नाही. तुमच्या मजल्यावरच्या चारही घरांनी कड्या काढल्या तर सगळ्यांचाच फायदा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यांवर दोन तास वाद घालण्यापेक्षा हा ठराव पाच मिनिटांत होतो, खर्च शून्य.

आईवडिलांना कुलूप दिसल्याशिवाय चैन पडत नाही आणि कडी ठेवायचीच असं ठरलं, तर कोयंडा आणि कडीची पट्टी आरपार बोल्टनं बसवा. स्क्रूनं नाही. तीन सुती, गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे कॅरेज बोल्ट घ्या. डोकं बाहेर, नट आत. आतल्या बाजूला नुसता वॉशर न देता 3 मिमी जाड लोखंडी पट्टी द्या, सगळे बोल्ट त्याच पट्टीतून जाऊ देत. मग कटावणीनं ओढायचं तर अख्खी पट्टी फळीतून फाडावी लागते. चौकटीच्या बाजूला भिंतीमुळे आरपार जाता येत नसेल तर तिथे लांब पट्टीचा कोयंडा आणि 50 मिमीचे सहा स्क्रू. कुलपाचा आकडा कोयंड्यात जितका घट्ट बसेल तितकं बरं, कटावणी शिरायला जागा उरत नाही.

लॉक कुठलं, यावर. तुमच्या बजेटमध्ये दोन पर्याय. दाराच्या आतल्या अंगाला बसणारं तीन दांड्यांचं रिम लॉक, किंवा फळीच्या आत बसणारं मॉर्टिस लॉक. दार 35 मिमी किंवा जास्त जाड आणि भरीव असेल तर मॉर्टिस उत्तम, कारण त्याचा दांडा थेट चौकटीच्या लाकडावर टेकतो. पण दार 30-32 मिमीचं असेल तर थांबा. लॉकची पेटी बसवायला फळीत 18 ते 20 मिमी रुंद खाच खणावी लागते. उरतं काय? दोन्ही बाजूला सहा-सहा मिमी. लॉकसाठी दार नेमकं लॉकजवळच पोकळ केलं. मग तिथे दोन्ही अंगांना लांब पट्टीची हँडलं, आरपार बोल्टनं आवळलेली, नाहीतर लाथेसरशी फळी त्याच रेषेवर चिरते.

पातळ दाराला रिम लॉक बरं. त्याची कमजोरी चौकटीवरच्या काटकोनी पेटीत आहे. दार आत ढकललं की त्या पेटीचे समोरचे स्क्रू सरळ बाहेर खेचले जातात. म्हणूनच तिला कडेच्या बाजूनंही, म्हणजे चौकटीच्या जाडीत, भोकं दिलेली असतात. तिथले स्क्रू ओढले न जाता आडवे दाबले जातात आणि कितीतरी जास्त भार घेतात. बसवणारा बहुतेक वेळा समोरचे दोन-तीन मारून मोकळा होतो. बसवताना शेजारी उभे राहा आणि सगळी भोकं भरून घ्या. पाकिटातले छोटे स्क्रू बाजूला ठेवून 40 ते 50 मिमीचे वापरा.

मॉर्टिसमधला सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो तुकडा, बाहेरच्या पट्टीच्या बाहेर 3 मिमीहून जास्त डोकावता कामा नये. हा तुकडा मधोमध, जिथे त्याचा आवळायचा स्क्रू जातो, तिथे सगळ्यात बारीक असतो. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून वाकवलं की तो बरोबर त्याच जागी तुटतो. दुकानदार हाताला येईल तो 70 मिमीचा देतो. तुम्ही दाराची जाडी अधिक दोन्ही पट्ट्यांची जाडी मोजून न्या, बऱ्याच दारांना 60 चा पुरतो. लांबी जुळत नसेल तर जास्तीचं टोक आतल्या बाजूला येऊ द्या.

साधं नाइट लॅच, जे दार ओढल्यावर आपोआप लागतं, ते एकट्यानं काहीच नाही. त्याची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर असते, फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवून मागे ढकलता येते. बाहेर पडताना किल्लीनं जास्तीचा फेरा देऊन ती अडकवायची सोय असेल तर तो फेरा न विसरता द्या. ‘दोन मिनिटांत दळण टाकून येतो’ म्हणून नुसतं ओढून जाणं नको.

डिजिटल लॉक वाईट नाही. किल्ली हरवत नाही, कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कोड देता येतो, बाहेर कुलूप दिसत नाही. बॅटरी संपायच्या आधी ते कुरकुरतं, आणि बऱ्याच मॉडेलांना बाहेरून पॉवर द्यायची सोय असते. पण त्याचाही दांडा त्याच चौकटीत, त्याच कुरतडलेल्या खाचेत जातो. बारा हजारांचं लॉक आणि पाऊण इंची स्क्रू ही जोडी मला फार वेळा दिसते. चौकट दुरुस्त झाल्यावर पुढच्या वर्षी हौसेनं घ्या.

आणि हो, फ्लॅट ताब्यात घेतल्यापासून सिलिंडर बदलला आहे का? बिल्डरचा माणूस, टाइल्सवाला, फर्निचरवाला, आधीचा भाडेकरू, किती जणांच्या हातून किल्ली फिरली याचा हिशेब कोणाकडेच नसतो. नुसता सिलिंडर बदलायला एक स्क्रू काढायचा असतो, दहा मिनिटांचं काम. चोरी झाली की संशय आधी मोलकरणीवर घेतला जातो, आणि आपली एक किल्ली मीटरच्या खोक्यात किंवा बुटात ठेवलेली होती हे आठवत नाही.

सेफ्टी डोअरबद्दल दोनच गोष्टी. ते बाहेर उघडतं, म्हणून त्याच्या बिजागऱ्या बाहेर असतात. पिन खालून ठोकून वर काढता येते का बघा. येत असेल तर फॅब्रिकेटरकडून पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा ठिपका मारून घ्या. आणि जाळीतून हात घालून आतली कडी काढता येत असेल, तर तो भाग आतून पत्र्यानं झाका.

आता तुमच्या घराची सगळ्यात नाजूक बाजू, जिचा तुम्ही प्रश्नात जाता जाता उल्लेख केलाय: पहिला मजला, खाली दुकानं. दुकानांच्या शटरवरचा छज्जा म्हणजे तुमच्या बाल्कनीपर्यंतची पायरी. दार भक्कम केलं आणि बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा तसाच ठेवला तर पैसे वाया.

ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी बाहेरून उघडायला लॉक तोडावं लागत नाही. फळी खालच्या रुळावर बसलेली असते आणि वरच्या चॅनलमध्ये तिला उचलायला मोकळी जागा असते, बसवताना तशीच घालतात. बाहेरून दोन्ही हातांनी वर उचलली की रुळावरून सुटते आणि काचेसकट हातात येते. तुमची उचलून बघा. इलाज: फळी बंद असताना तिच्या वरच्या चॅनलमध्ये ॲल्युमिनियमचा किंवा लाकडाचा ठोकळा स्क्रूनं बसवा, वर दोन-तीन मिमीच जागा राहील असा. शिवाय खालच्या रुळात मापाची काठी आडवी टाका, म्हणजे कोयरीसारखं ते छोटं लॉक तुटलं तरी फळी सरकत नाही. दोन्हींचा खर्च पाचशेच्या आत.

ग्रील करायचं असेल तर भरीव चौकोनी गज, 10 किंवा 12 मिमीचे, दोन गजांत चार इंचांहून जास्त अंतर नको, आणि दर फूट-दीड फुटाला आडवी पट्टी. आडवी पट्टी शोभेची नाही. नुसते उभे गज असले की मधे गाडीचा जॅक घालून ते फाकवता येतात. चकचकीत स्टीलचे पाइप दिसतात छान, पण पातळ पत्र्याची पोकळ नळी वाकायला वेळ लागत नाही. ग्रील ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्क्रूनं लावू देऊ नका, भिंतीत अँकर फास्टनरनं बसवा आणि बसवून झाल्यावर नटावर वेल्डिंगचा ठिपका मारा.

ग्रीलला एक उघडणारी खिडकी हवीच, निदान दोन फूट बाय दोन फूट, आतून कुलूप, आणि किल्ली आत हाताशी पण बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी खिळ्याला अडकवलेली. स्वयंपाकघराला किंवा दाराजवळच्या बोर्डाला आग लागली की दाराकडे जाता येत नाही. मग हेच ग्रील पिंजरा होतं. चोराच्या भीतीनं हा कोपरा कोणी विसरू नये.

बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या तिरक्या काचा नुसत्या खोबणीत सरकवलेल्या असतात, बाहेरून एक-एक काढता येतात. डक्टमधल्या पाइपांवरून तिथवर चढता येत असेल तर भिंतीतच दोन आडवे भरीव गज टाकून घ्या.

कॅमेरा मग घ्यायचा की नाही? घ्या, पण एकच, आणि सगळ्यात शेवटी. कॅमेरा चोराला अडवत नाही, फार तर पुढच्या दाराकडे पाठवतो. चार कॅमेऱ्यांच्या सेटचं रेकॉर्डिंग ज्या पेटीत होतं ती टीव्हीखाली ठेवलेली असते आणि चोर जाताना तीच काखोटीला मारतात. वायफाय कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर मिळतं, पण लिफ्टजवळच्या डक्टमधला तुमच्या घराचा स्विच बाहेरून बंद केला की राउटर गेला आणि कॅमेराही मुका. म्हणून राउटरला छोटा 12 व्होल्टचा यूपीएस द्या, आणि कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी असेल तर उत्तम. तो दाराकडे तोंड करून आत हॉलमध्ये लावा, डोळ्यांच्या उंचीहून थोडा वर. छताला लावला तर नुसती टोपी दिसते. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. पॅसेजमध्ये लावायचा असेल तर सोसायटीला विचारून, आणि शेजाऱ्यांचं दार त्यात दिसू नये इतकी काळजी घेऊन.

त्याहून स्वस्त आणि माझ्या अनुभवात जास्त कामाची वस्तू म्हणजे बॅटरीवरचा दाराचा सेन्सर आणि भोंगा. एक चुंबक फळीवर, एक तुकडा चौकटीवर, दोन्ही दूर झाले की ठणाणा. चोराला वेळ हवा असतो, शांतता हवी असते. कॅमेरा यातलं काहीच हिरावून घेत नाही, भोंगा दोन्ही घेतो.

तुमचे पंधरा हजार मी साधारण असे वाटेन: सुताराची मजुरी, स्ट्राइक प्लेट, अँकर, स्क्रू मिळून तीन हजार. चांगलं रिम लॉक किंवा मॉर्टिसचा सेट चार हजारांपर्यंत. बाल्कनीचे ठोकळे, काठ्या आणि व्हेंटिलेटरचे गज दोन-अडीच हजार. भोंगा हजार-दीड हजार. कॅमेरा आणि राउटरचा यूपीएस मिळून साडेतीन. भाव दुकानागणिक बदलतील, क्रम बदलू नका. बाल्कनीला ग्रील करायचंच असेल तर त्याचा खर्च किलोवर येतो आणि या रकमेत बसणार नाही. मग कॅमेरा सोडा, पण ठोकळे नाही.

सोन्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाही. लोखंडी कपाटाच्या लॉकरवर विसंबू नका, पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं दुमडतो. आणि किल्ली तर त्याच कपाटात साड्यांच्या घडीखाली असते, जिथे चोर पहिला हात घालतो. छोटी डिजिटल तिजोरी घेतली तर तिच्या तळाच्या आणि पाठीच्या भोकांतून 10 मिमीचे अँकर मारून ती भिंतीला जखडा, नाहीतर ती म्हणजे चोरासाठी हँडल नसलेली सुटकेस. दहा दिवसांसाठी बँकेचं लॉकरच बरं. तिथली मर्यादा मात्र माहीत असू द्या: 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लॉकरमध्ये चोरी, दरोडा किंवा आग लागून नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकीच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख.

घराचा विमा असेल तर पॉलिसी उघडून वाचा. एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्या विकतात ती ‘भारत गृह रक्षा’ मुळात आग, पूर, भूकंप अशांसाठी आहे. त्यातली चोरी म्हणजे अशी आपत्ती आल्यावर सात दिवसांत, तिच्यामुळे झालेली. साध्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, दागिन्यांसाठी आणखी वेगळं. दागिन्यांचे फोटो, सोनाराच्या पावत्या आणि मोबाइल-लॅपटॉपचे नंबर आत्ताच एका जागी करून ठेवा.

निघायच्या आधीचं. पेपर आणि दूध दोन दिवस आधीपासून बंद सांगा. दाराच्या हँडलला कोणी पत्रक अडकवलं असेल तर शेजारच्या काकूंनी ते रोज काढावं, चार दिवस तसंच राहिलेलं पत्रक कुलपाइतकंच बोलकं असतं. सणासुदीत सगळ्यांच्या उंबऱ्यावर रांगोळी आणि एकाच दारात धूळ, हेही लांबून दिसतं. काकूंना दोन दिवसांआड दोन ठिपके काढायला सांगा, हसतील पण काढतील. हॉलचा दिवा दहा दिवस अखंड चालू ठेवू नका, भरदुपारी जळणारा दिवा घर रिकामं असल्याचंच सांगतो. टायमरच्या प्लगवर संध्याकाळी सात ते साडेदहा लावा, बेडरूमचा वेगळ्या वेळेला. मेन स्विच बंद करायची सवय असेल तर राउटरची लाइन तेवढी चालू ठेवा. गॅसचा रेग्युलेटर आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. घाटात काढलेला फोटो परत आल्यावर स्टेटसला टाका. गावाला जाताय हे एक शेजारी, सेक्रेटरी आणि जवळचं पोलीस ठाणं एवढ्यांनाच कळवा, वॉचमनच्या बदलत्या पाळ्यांना नाही.

परतल्यावर दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका, माणूस आत असू शकतो. जिन्यातूनच 112 लावा. पोलीस येईपर्यंत कपाट, दाराची कडी, पाडलेलं कुलूप, कशालाही हात लावायचा नाही, ठसे तिथेच असतात. पंचनामा नीट होऊ द्या आणि तुटलेल्या चौकटीचे फोटो काढा, विमा कंपनी जबरदस्तीनं शिरल्याची खूण मागते. गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 आणि 305 खाली नोंदला जातो, पूर्वीची 454, 457 आणि 380 आता नाहीत. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

गणपतीच्या तोंडावर चांगला सुतार मिळत नाही, मखरांच्या कामात असतो, म्हणून आजच बोलावून ठेवा. तोवर दाराची जाडी, फटीचं माप आणि खडूची खूण किती आत गेली ते मोजून कळवा. चौकटीच्या खाचेचा जवळून काढलेला एक फोटोही टाका. त्यावरून रिम लॉक की मॉर्टिस, आणि स्ट्राइक प्लेट किती लांबीची, ते नेमकं सांगता येईल.